कारखाना वाढला की कामाची संस्कृती कशी टिकवावी?

प्रश्न: गिरणाकाठ (जळगाव)

नमस्कार मंडळी. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत आमचा पीव्हीसी पाईपचा कारखाना आहे. वडिलांनी दोन यंत्रांवर सुरू केलेले काम आता तीन पाळ्यांत चालते आणि कामगारांची संख्या शंभराच्या पुढे गेली आहे. वडील प्रत्येकाला नावाने ओळखत असत. कोणाच्या घरी लग्न आहे, कोणाची जमीन नदीकाठी आहे आणि पेरणीच्या दिवसांत कोण सुट्टी मागणार, हे त्यांना न सांगता ठाऊक असे. एखादा लॉट परत आला तर तो का आला, हे साधा मदतनीसही सांगू शकत असे.

आज निम्म्याहून अधिक कामगारांशी माझे बोलणे मुकादमांमार्फतच होते. रात्रपाळीत काय घडले ते मला सकाळी नोंदवहीतून कळते आणि त्या वहीत अडचण क्वचितच लिहिलेली असते. तक्रारी मात्र शेतकऱ्यांकडून आणि व्यापाऱ्यांकडून येत राहतात. एका सल्लागारांनी कंपनीची मूल्ये ठरवून ती मोठ्या फलकांवर लावण्याचे, वर्षातून एकदा स्नेहमेळावा घेण्याचे आणि उत्कृष्ट कामगाराला पुरस्कार देण्याचे सुचवले आहे. त्याला माझी हरकत नाही, पण तेवढ्याने काही बदलेल असे मनापासून वाटत नाही. चांगली संस्कृती घडवण्यासाठी आणि ती आपल्या पश्चातही टिकावी यासाठी मालकाने स्वतः नेमके काय करायचे असते? ज्यांनी हे जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर: भुसावळकर (निवृत्त उत्पादन व्यवस्थापक)

आपण रात्रपाळीच्या नोंदवहीचा उल्लेख केला आहे, तेथूनच सुरुवात करतो. अडचण लिहिली की पुढे काय होते, हे आपल्या कामगारांनी कधीतरी पाहिलेले असणार आणि त्यावरून त्यांनी न लिहिण्याचे ठरवलेले असणार. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत अध्यापन केलेले एडगर शाइन (१९२८–२०२३) यांनी संस्थेच्या संस्कृतीचे तीन थर सांगितले आहेत. वरच्या थरात डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी असतात, मधल्या थरात संस्था जी मूल्ये सांगते ती, आणि तळाशी कोणी कधी उच्चारत नाही, पण सगळे ज्यांनुसार वागतात अशी गृहीतके. 'शेठना वाईट बातमी आवडत नाही' हे असेच एक गृहीतक आहे. आपला फलक मधल्या थरात राहील आणि रात्रपाळी तळच्या थरानुसार चालेल.

हे तळचे गृहीतक कशाने बदलते, याचेही उत्तर शाइन यांनी दिले आहे. नेता रोज कशाची चौकशी करतो, अडचणीच्या प्रसंगी कसा वागतो, पैसा कोठे खर्च करतो, कोणाला घेतो, कोणाला बढती देतो आणि कोणाला दूर करतो, हे लोक बारकाईने पाहत असतात. यांतील अडचणीचा प्रसंग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्या वेळी सांगितलेले मूल्य पाळायला खिशातून पैसे जातात.

मी पाहिलेला एक प्रसंग थोडा तपशिलाने सांगतो. वैशाखाचे दिवस होते, पारा ४५ अंशांच्या आसपास होता आणि पूर्वहंगामी कापसाची लागवड तोंडावर आल्याने पाईपला प्रचंड मागणी होती. रात्रपाळीतील एक तरुण ऑपरेटर कापलेल्या पाईपची जाडी मायक्रोमीटरने मोजत होता. डाय (ज्यातून वितळलेले प्लास्टिक पाईपच्या आकारात बाहेर पडते तो साचा) मध्यावर नसल्यामुळे एका बाजूची जाडी आयएस ४९८५ या पीव्हीसी पाईपच्या भारतीय मानकातील किमान मर्यादेच्या खाली जात होती आणि समोरच्या बाजूची तेवढीच वाढत होती, त्यामुळे पाईपचे वजन मात्र बरोबर भरत होते. वजन भरते आहे तर चालू दे, असे मुकादमाचे म्हणणे पडले. ऑपरेटरने यंत्र थांबवले आणि सकाळी भरायची गाडी रिकामी उभी राहिली. मालक आले, त्यांनी तुकडा हातात घेऊन स्वतः सगळ्या बाजूंनी मोजला आणि तोपर्यंतचा सगळा माल दळून टाकण्यासाठी ग्राइंडरकडे पाठवायला सांगितले. मग त्यांनी त्या ऑपरेटरला शेजारी उभे करूनच व्यापाऱ्याला फोन लावला, माल उशिरा येईल असे कळवले आणि हा निर्णय आपला आहे असे स्पष्ट सांगितले. ऑपरेटरची पाठ थोपटण्यापेक्षा तो फोन मला अधिक मोलाचा वाटतो, कारण यंत्र थांबवण्याची जबाबदारी त्या मुलाच्या डोक्यावरून उचलून मालकांनी सर्वांसमक्ष आपल्याकडे घेतली. त्यानंतर त्या कारखान्यात यंत्र थांबवायला कोणाला धीर द्यावा लागला नाही.

टोयोटाच्या कारखान्यांत दोष दिसताच कामगार दोरी ओढतो हे पुष्कळांना ठाऊक आहे. दोरी ओढल्याबरोबर त्या गटाचा प्रमुख तातडीने त्याच्याजवळ येतो आणि ठरलेल्या टप्प्यापर्यंत अडचण सुटली नाही तरच उत्पादनाची साखळी थांबते, हा भाग फारसा सांगितला जात नाही. दोरी कोणीही बांधू शकेल. ती ओढल्यावर मदतीला माणूस येतो, हा विश्वास तयार करायला मात्र वर्षे लागतात.

उत्तर: पांझराकाठ (मूळ धुळे, सध्या पुण्यात मनुष्यबळ विभागात)

भुसावळकर काकांचे म्हणणे मला पटते, परंतु त्यात एक उणीव राहते असे नम्रपणे सांगावेसे वाटते. मालक प्रत्येक पाळीला हजर राहू शकत नाही. शंभर माणसांच्या कारखान्यात कामगाराच्या दृष्टीने कंपनी म्हणजे त्याचा मुकादम, आणि आपल्याकडे मुकादम निवडला जातो तो बहुधा जास्त उत्पादन काढणारा किंवा मालकाच्या विश्वासातला म्हणून. तो माणसांशी कसा बोलतो, नव्याला शिकवतो का, चूक झाल्यावर आधी कारण विचारतो की आवाज चढवतो, हे पाहून निवड झाली तर निम्मे काम तेथेच होते. तेव्हा पुढची बढती द्यायच्या आधी त्या माणसाच्या हाताखालील लोकांशी आपण स्वतः बोलावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

एक उदाहरण मला नेहमी आठवते. १९८७ मध्ये अल्कोआ या ॲल्युमिनियम कंपनीची सूत्रे हाती घेताना पॉल ओनील यांनी गुंतवणूकदारांपुढे नफ्याऐवजी कामगारांच्या सुरक्षिततेचा विषय मांडला. पुढे मेक्सिकोतील एका कारखान्यात कामगारांना वायूची बाधा झाल्याची माहिती वर कळवली गेली नव्हती असे आढळले, तेव्हा त्यांनी त्याला जबाबदार असलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्याला पदावरून दूर केले. तो अधिकारी कंपनीत दीर्घकाळ काम केलेला आणि यशस्वी मानला जाणारा होता. बातमी दडवणे चालणार नाही, हे त्या एका निर्णयाने जितके स्पष्ट झाले तितके कोणत्याही परिपत्रकाने झाले नसते.

आणखी एक गोष्ट आपल्या भागापुरती. सातपुड्यातील पावरा आणि भिल्ल समाजाचे कामगार होळीच्या आधी भोंगऱ्या बाजाराच्या, म्हणजे त्यांच्या पारंपरिक जत्रेच्या दिवसांत गावी जातातच. पुष्कळ कारखाने दर वर्षी त्यांची गैरहजेरी मांडतात आणि दर वर्षी वाद घालतात. यंत्रांच्या वार्षिक देखभालीचा आठवडा त्याच दिवसांत ठेवावा आणि त्याची तारीख दिवाळीतच जाहीर करावी. आपल्या जगण्याची येथे दखल घेतली जाते, हे माणसाला अशा निर्णयातून कळते. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुट्टीलाही हेच लागू आहे.

उत्तर: बोरीकाठ (अमळनेर, हिशेब विभाग)

मी एका मध्यम आकाराच्या कारखान्यात हिशेब पाहते, त्यामुळे माझ्या बाजूने दोनच मुद्दे मांडते.

पहिला पगाराचा. ठरलेल्या तारखेला पगार, समजेल अशा मराठीत पगारपत्रक आणि जादा कामाचे पूर्ण पैसे, एवढे नसेल तर संस्कृतीची चर्चा कामगारांना पोकळ वाटते. जादा कामाला दुप्पट दराने मजुरी देण्याची तरतूद १९४८ च्या कारखाने अधिनियमापासून चालत आलेली आहे, तरीही अनेक ठिकाणी ती उपकार केल्यासारखी दिली जाते.

दुसरा मुद्दा नातेवाइकांचा. कौटुंबिक व्यवसायात पुतण्या किंवा मेहुणा उशिरा आला, यंत्राजवळ सुरक्षा चष्मा न लावता वावरला किंवा भांडारातून नोंद न करता वस्तू घेऊन गेला आणि त्याला कोणी काही बोलले नाही, तर तो नियम त्याच दिवशी संपतो. तेथे मालकांनी आपल्या माणसाला आधी आणि सर्वांसमक्ष थांबवले पाहिजे.

आमच्याच गावात १९४५ साली वनस्पती तूप बनवणारी कंपनी म्हणून विप्रोची सुरुवात झाली. वडिलांच्या निधनानंतर १९६६ मध्ये अझीम प्रेमजींनी वयाच्या एकविसाव्या वर्षी कारभार हाती घेतला. पुढे तूप आणि साबणापासून संगणकांपर्यंत सगळा व्यवसाय बदलला, पण सचोटीचा आग्रह कंपनीने लेखी स्वरूपात मांडला आणि पुढच्या पिढीतील अधिकाऱ्यांकडूनही तोच मागितला. आपल्या पश्चात काय टिकेल, असे आपण विचारले आहे. माझ्या मते, जे मालकाच्या स्वभावावर अवलंबून न राहता नेमणूक, बढती आणि हिशेब यांच्या नियमांत उतरले असेल तेवढेच टिकते.

प्रश्नकर्ता: गिरणाकाठ

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. ताईंचा नातेवाइकांविषयीचा मुद्दा मी घरच्या बैठकीत मांडणार आहे. एक अवघड बाब मात्र उरते. आमचा एक जुना मुकादम सर्वांत जास्त उत्पादन काढतो, वडिलांसोबत त्याने कठीण दिवस काढलेले आहेत, पण त्याच्या शिवीगाळीमुळे नवी मुले टिकत नाहीत. त्याला काढणे मला कृतघ्नपणाचे वाटते आणि तसेच ठेवले तर आपण वर लिहिलेले सगळे व्यर्थ जाते.

उत्तर: भुसावळकर

काढण्याची घाई करू नये आणि दुर्लक्षही करू नये. त्याच्याशी एकांतात, पण स्पष्ट बोला. वडिलांच्या काळातील त्याच्या कष्टांचा मान राखून सांगा की यापुढे त्याचे मोजमाप उत्पादनाइतकेच त्याच्या पाळीत किती नवी मुले टिकली यावर होईल, आणि त्यासाठी ठरावीक मुदत द्या. सहा महिने पुरेसे आहेत. त्या काळात त्याला प्रत्यक्ष मदत करा, कारण ज्याने स्वतः शिव्या खाऊनच काम शिकले आहे त्याला दुसरी रीत कोणी दाखवलेलीच नसते. मुदतीनंतरही फरक पडला नाही, तर माणसांची जबाबदारी काढून घ्या आणि त्याच पगारात डाय बसवण्याचे किंवा यंत्रदुरुस्तीचे काम द्या. त्याच्या हातातील कौशल्य कारखान्याला हवेच आहे, आणि त्याचा पगार कमी न केल्यामुळे कृतघ्नपणाचा प्रश्न उरत नाही.

नोंदवहीचे काम मात्र उद्यापासूनच हाती घ्या. तिच्यात 'काय अडले' आणि 'त्यावर कोणी, केव्हा, काय केले' असे दोन रकाने वाढवा, आणि दुसरा रकाना दररोज सकाळी दहाच्या आत आपण स्वतः, आपल्या हस्ताक्षरात भरा. सुरुवातीचे काही आठवडे पहिला रकाना रिकामाच येईल. ज्या दिवशी तो पहिल्यांदा भरून येईल, त्या दिवशी इतर कामे बाजूला ठेवून त्या यंत्रापाशी जा.