रात्री एकटीने घरी परतताना जवळ काय बाळगावे?

प्रश्न – परिचारिका, नाशिक
मी सातपूर भागातील एका रुग्णालयात परिचारिका आहे. दुपारची ड्युटी रात्री साडेनऊला संपते आणि बसमधून उतरल्यावर घरापर्यंत दहा मिनिटे एकटीने चालावे लागते. मधले चार दिवे पावसाळ्यापासून बंद आहेत. गेल्या महिन्यात दोन वेळा एक मोटारसायकल माझ्या मागून अगदी सावकाश येत राहिली. पुढे काही घडले नाही, पण तेव्हापासून मनात धास्ती बसली आहे. भावाने घडीचा चाकू आणून दिला, मैत्रीण विजेचा झटका देणारी टॉर्च घे म्हणते आणि आई मिरचीपुडीची पुडी पर्समध्ये ठेवते. मला कोणाला कायमची इजा करायची नाही, फक्त सुखरूप घरी पोहोचायचे आहे. यातले काय निवडावे?

उत्तर – निवृत्त महिला पोलीस कर्मचारी
ताई, चाकू भावाला परत द्या. २०१३ मध्ये मुंबईत एका राजकीय पक्षाने महिलांना चाकू वाटले होते, तेव्हाही मला हीच काळजी वाटली होती की चाकू चालवायचा तर समोरच्याच्या हाताच्या टप्प्यात जावे लागते आणि झटापटीत तो हिसकावला गेला, तर तुमच्यावरच उगारला जातो. झटक्याची टॉर्चही त्याच्या अंगाला टेकवावी लागते. शिवाय अशी विद्युत साधने शस्त्र नियम, २०१६ च्या कक्षेत आणली गेली आहेत, त्यामुळे ऑनलाइन मिळते म्हणून परवान्याची चौकशी न करता ती घेऊ नका. सुटी पूड वाऱ्याने आपल्याच डोळ्यांत येते. तुमच्या गरजेला पेपर स्प्रे योग्य आहे. तो दोन-तीन मीटरवरून मारता येतो आणि त्याला परवाना लागत नाही. त्याच्या जोडीला मोठ्या आवाजाचा अलार्म किंवा साधी शिट्टी ठेवा. त्या मोटारसायकलचा क्रमांक टिपून आताच पोलिसांना कळवा, काही घडण्याची वाट पाहू नका. ११२ क्रमांक तर पाठच हवा. बहुतेक स्मार्टफोनवर पॉवरचे बटण लागोपाठ तीन किंवा पाच वेळा दाबले की आपत्कालीन कॉल लागतो, मात्र आपल्या फोनमध्ये ती सोय सुरू आहे का ते सेटिंगमध्ये आधी पाहून घ्या.

उत्तर – पुण्याची एक वाचक
मी तीन वर्षे स्प्रे बाळगते आहे. त्यातले पहिले वर्षभर तो पर्सच्या तळाशी, डबा आणि छत्रीच्या खाली होता, म्हणजे नसल्यासारखाच. मुदत संपल्यावर तो फेकण्याआधी मी गच्चीवर मारून पाहिला, तेव्हा कळले की त्याचे झाकण मी समजत होते त्याच्या उलट दिशेने सरकते आणि अंगठ्याने ते सरकवायला मला दोन प्रयत्न लागतात. तेवढ्यात वाऱ्याची एक झुळूक उलटली आणि पुढची दहा मिनिटे मी खोकत होते. म्हणून आता मी धुक्यासारखा पसरणारा नव्हे, तर सरळ धार मारणारा स्प्रे घेते आणि बसमधून उतरण्यापूर्वीच तो हातात धरते. स्कूटरच्या डिकीत उन्हात तो कधीही ठेवू नका, आणि मुदतीची तारीख पाहत जा, कारण कालांतराने आतला दाब कमी होतो. चुकून स्वतःच्या डोळ्यांत गेलाच, तर डोळे चोळू नका. भरपूर गार पाण्याने धूत राहा. चेहऱ्याची त्वचा सौम्य साबणाने धुवा, कारण मिरचीतला तिखट अंश तेलकट असतो आणि नुसत्या पाण्याने सहज निघत नाही.

उत्तर – वकील, छत्रपती संभाजीनगर
कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ स्वसंरक्षणाचा हक्क देतात, परंतु कलम ३७ नुसार बचावासाठी आवश्यक तेवढ्यापेक्षा अधिक इजा करण्याचा हक्क मिळत नाही. धोका टळल्यावर, म्हणजे समोरचा डोळे चोळत बसल्यावर पुन्हा स्प्रे मारणे किंवा लाथ मारणे बचावात मोडणार नाही. शब्दाशब्दी झाली म्हणूनही स्प्रे वापरता येत नाही. मालमत्तेच्या वादात सुरक्षारक्षकावर तो फवारल्याच्या प्रकरणात २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द करण्यास नकार दिला आणि पेपर स्प्रेला धोकादायक शस्त्र मानले. तो वापरावा लागला, तर तेथून निघून जा आणि ताबडतोब ११२ वर स्वतः कळवा. तुमची हकिगत पोलिसांपर्यंत आधी पोहोचणे महत्त्वाचे असते. स्त्रीची इच्छा नसल्याचे स्पष्ट असूनही एखाद्या पुरुषाने तिचा पाठलाग करून पुन्हा पुन्हा संपर्क साधू पाहणे हा कलम ७८ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, त्यामुळे तक्रार करताना दोन्ही वेळच्या तारखा आणि वेळा लिहून न्या.

परिचारिका, नाशिक
सर्वांचे मनापासून आभार. धारेचे दोन स्प्रे मागवले आहेत, त्यातला एक रविवारी गच्चीवर मारून पाहीन. दिव्यांसाठी महापालिकेकडे आणि मोटारसायकलसाठी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला आहे. एक शंका उरली आहे: मी डावखुरी आहे, तर झाकण डाव्या अंगठ्याने सहज सरकेल असा स्प्रे कोणी वापरला आहे का?