वाटेत अनोळखी बारव (पायऱ्यांची जुनी विहीर) दिसली, तर आधी गाळ काढावा की नोंद करावी?

माळरान: बारव गाडीतून दिसत नाही. साताऱ्याजवळच्या लिंबची बारा मोटेची विहीरसुद्धा काठाशी गेल्याशिवाय कळत नाही. तिच्या शिलालेखात शके १६४१ ते १६४६ (इ.स. १७१९ ते १७२४) असा काळ कोरलाय, म्हणून ती साताऱ्याच्या छत्रपती शाहूंच्या काळातली हे ठामपणे सांगता येतं. बाकीच्या कित्येक बारवांचा असा पुरावा गाळातच असू शकतो. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: नोंद होईपर्यंत फावडं लावू नये. चारही बाजूंचे फोटो मीटरपट्टी ठेवून काढा. प्रवेश किती ते लिहा, त्यावरून बारवेचा प्रकार ठरतो (एक असेल तर नंदा, दोन भद्रा, तीन जया, चार विजया). प्रत्येक देवकोष्ठाचा (भिंतीतल्या मूर्तीच्या कोनाड्याचा) वेगळा फोटो घ्या. तलाठ्याकडून गट नंबर घेऊन राज्य पुरातत्त्व संचालनालयाला अर्ज करा.

वाडीकर: साफ असहमत. अर्जाचं उत्तर येईपर्यंत बारवेत निर्माल्य, प्लास्टिक, दारूच्या बाटल्या पडतच राहतात. पिंपळाचं मूळ बोटाएवढं असतं तोवर काढता येतं, मनगटाएवढं झालं की चिरे घेऊनच बाहेर येतं. गावाने हात लावला तरच बारव टिकते.

चुनेगच्ची: मूळ कोवळं असो वा जून, उपटू नकाच, सांधे उघडतात. दगडालगत करवतीने कापा, ओल्या कापावर लगेच तणनाशक लावा, फुटवा आला की पुन्हा तेच. आणि मोटर लावून एका दिवसात बारव उपसायची हौस सोडा. भिंतीमागची माती पाण्याने जड झालेली असते. आतल्या पाण्याचा आधार एकदम गेला की भिंत आत कोसळते. उपसा टप्प्याटप्प्याने करा, मध्ये थांबा, चिऱ्यांच्या फटी रुंदावतायत का बघा. फटींत सिमेंट भरू नका. ओल अडकते, क्षार साठतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. चुनाच वापरा.

वाडीकर: उपशाचं पटलं. पण तरंगता कचरा काढायला कुणाच्या परवानगीची वाट बघायची?

माळरान: तो आजच काढा, माझी हरकत नाही. माझा विरोध जेसीबीला आहे. त्याच्या बकेटमध्ये भंगलेली मूर्ती, कोरीव चिरा आणि चिखल एकत्रच येतो आणि ट्रॉलीतून शेतात पसरतो. घमेल्याने काढा, गाळ काठावरच वेगळा पसरा, चाळा, निघालेला प्रत्येक घडीव दगड कुठल्या बाजूला सापडला ते खडूने त्यावर लिहा.

वाडीकर: एवढं करायला माणसं आणि दोन उन्हाळे लागतील. गावात तेवढा दम नसेल तर?

चुनेगच्ची: मग गाळ राहू द्या. पायऱ्या मोकळ्या करा, झाडं कापा. गाळाखालचा चिरा ओलाव्यात शाबूत राहतो, उघडा पडलेला राहील याची खात्री नाही.