मदत हवी आहे: न्यू जर्सीहून जवळच्या सरकारी जंगलात फुकट तंबू टाकायला जागा कशी शोधायची?

एडिसनकर

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पानगळीचे रंग बघायला एडिसनहून निघून दोन रात्री तंबूत काढायच्या आहेत. आम्ही दोघं आणि नऊ वर्षांची मुलगी, गाडी साधी सेडान. पैसे भरून मिळणारी कॅम्पग्राउंड भरलीत, आणि जिथे जागा आहे तिथे जनरेटरची घरघर. सरकारी जंगलात परवान्याशिवाय फुकट राहता येतं, त्याला प्रिमिटिव्ह किंवा डिस्पर्स्ड कॅम्पिंग म्हणतात, एवढं वाचलंय. आपल्याकडे राखीव जंगलात वनखात्याला न विचारता शिरणं हाच गुन्हा, त्यामुळे विश्वास बसायला जरा जड जातंय.

जागा नेमकी शोधायची कुठे? गूगल मॅपवर हिरवं दिसतं ते सगळं चालतं का? सेडान कुठवर जाईल? पाणी, शौच, अस्वलं यांचं काय? फुकट जागांच्या ॲपवर ढीगभर पिना आहेत, पण त्यातली खरी कुठली ते कळत नाही.

पाऊलवाट

गूगलच्या हिरव्यावर जाऊ नका. तो रंग मालक सांगत नाही, आणि इथे सगळं मालकावर ठरतं. जागा शोधायच्या आधी जमीन कोणाची ते शोधा, मग नियम सापडायला वेळ लागत नाही.

न्यू जर्सी वगळा. तिथल्या स्टेट फॉरेस्टमध्ये ठरलेल्या जागांवर, पैसे भरूनच राहता येतं. पेनसिल्व्हेनियाच्या नकाशावर स्टेट गेम लँड्सचे मोठाले पट्टे दिसतील. त्या शिकारीसाठी राखलेल्या जमिनी, तिथे तुमच्या-आमच्यासाठी मुक्काम बंद.

तुम्हाला सोयीचं न्यूयॉर्क. कॅटस्किलचं जंगल तुम्हाला अडीच तासांच्या आसपास. सरकारी जमीन राज्याच्या पर्यावरण खात्याकडे, म्हणजे डीईसीकडे आहे. नियम सोपा: रस्ता, पायवाट, ओढा, तळं यांपासून १५० फुटांच्या आत तंबू नाही. अपवाद एकच, झाडावर ‘कॅम्प हिअर’ लिहिलेली पिवळी गोल चकती असेल तर तिथे १५० फुटांची अट नाही. एका जागी तीन रात्रींपर्यंत आणि नऊ माणसांपर्यंत परवाना लागत नाही. त्यापुढे फॉरेस्ट रेंजरकडून घ्यावा लागतो. १५० फूट म्हणजे मोठ्या माणसाची साधारण ६० पावलं. मोजूनच चाला, दाट झाडीत ३० पावलंसुद्धा फार लांब वाटतात. शिवाय कॅटस्किलमध्ये ३५०० फुटांच्या वर हिवाळ्याचे तीन महिने (२१ डिसेंबर ते २१ मार्च) सोडले तर मुक्कामाला बंदी आहे.

एक सापळा बाहेरच्यांना हमखास अडकवतो. कॅटस्किलमधल्या जलाशयांच्या आजूबाजूला न्यूयॉर्क शहराच्या पाणीपुरवठा खात्याच्या, डीईपीच्या, जमिनी आहेत. तिथे चालायला, मासे धरायला जाता येतं, म्हणून लोक तंबूही टाकतात. तिथे मुक्काम चालत नाही. पाटीवर डीईसी आहे की डीईपी, ते एक अक्षर नीट वाचा.

बाभूळबन

वरच्याला जोडून, घरी बसून करायचं काम.

कॅलटोपो ही नकाशाची साइट संगणकावर उघडा. तिच्यात जमिनीची मालकी दाखवणारा थर फुकट आहे. दुसऱ्या खिडकीत डीईसीचा ‘डीईसीइन्फो लोकेटर’ लावा. त्यात प्रिमिटिव्ह जागा आणि लीन-टू, म्हणजे तीन भिंतींचे लाकडी निवारे, ठिपक्यांनी दाखवलेत. आता ‘वाइल्ड फॉरेस्ट’ असं नाव असलेले भाग धरा. ‘इंटेन्सिव्ह यूज’ म्हणजे बहुधा पैसे भरायचं कॅम्पग्राउंड. ‘वाइल्डरनेस’मध्येही राहता येतं, पण सामान पाठीवर घेऊन चालावं लागतं. मुलगी आणि सेडान सोबत असताना वाइल्ड फॉरेस्टमधली रस्त्याकडेची किंवा पाच-दहा मिनिटं चालून पोचायची, चकती लावलेली जागाच बरी. लिव्हिंग्स्टन मॅनरजवळचं विलोविमॉक वाइल्ड फॉरेस्ट याच नजरेने बघा. सनडाउन वाइल्ड फॉरेस्टही चांगलं, फक्त त्यातल्या पीकामूज ब्लू होलच्या वाटेला जाऊ नका. गर्दीमुळे तिथे वेगळे नियम लावलेत.

चकती नसलेली जागा शोधायची असेल तर समोच्च रेषा बघा. रेषा एकमेकींपासून लांब गेल्या की जमीन सपाट. पण चहूबाजूंनी उतार असलेला खोलगट सपाट तुकडा नको; पावसाचं पाणी तिथेच साचतं आणि रात्रीची थंड हवाही तिथेच उतरून बसते. आजूबाजूपेक्षा हातभर उंच सपाट जागा मिळाली तर उत्तम.

एक जागा ठरवून निघू नका. एकमेकींपासून पाच-सात मैलांत तीन जागा खुणावून ठेवा. या जागांचं आरक्षण नसतं, जो आधी पोचला त्याची. ऑक्टोबरच्या मध्यावर तिकडे सव्वासहाला सूर्य मावळतो, म्हणून तीनच्या आत पहिल्या जागेवर पोचलं पाहिजे. तरच ती भरलेली असली तर दुसरी, तिसरी बघायला उजेड उरतो. कोलंबस डेची लाँग वीकएंड टाळता आली तर टाळाच. नकाशे घरीच फोनमध्ये उतरवून घ्या, दरीत सिग्नल नसतो.

ॲपवरच्या पिनांबद्दल: आयओव्हरलँडर, द डर्ट वगैरे शेवटच्या पायरीला ठीक. पीन ही कुणीतरी तिथे राहिल्याची खूण असते, तिथे राहायला परवानगी असल्याची नव्हे. ताजा शेरा कधीचा आहे ते बघा आणि पीन मालकीच्या थरावर ठेवून तपासा. खाजगी जमिनीवर पडलेल्या पिना भरपूर सापडतील.

काजवा

न्यूयॉर्कच्या पलीकडे जायची तयारी असेल तर केंद्राच्या फॉरेस्ट सर्व्हिसची जंगलं, म्हणजे नॅशनल फॉरेस्ट. पेनसिल्व्हेनियात अलेगेनी, व्हरमाँटमध्ये ग्रीन माउंटन, व्हर्जिनियात जॉर्ज वॉशिंग्टन आणि जेफरसन. दोन रात्रींसाठी लांब पडेल, पण पद्धत एकदा शिकली की पश्चिमेतही तीच चालते.

तिथला मुख्य कागद एमव्हीयूएम, म्हणजे मोटार व्हेइकल यूज मॅप. फुकट मिळतो आणि अव्हेन्झा मॅप्स या ॲपमध्ये उतरवला की त्यावर तुम्ही कुठे आहात तो ठिपका सिग्नलशिवाय चालतो. दिसायला अगदी रूक्ष, काळापांढरा, डोंगर-दऱ्या नाहीत. पण कायद्याने तोच चालतो. रस्ता डोळ्यांसमोर आहे, फाटक उघडं आहे, पाटी नाही, आणि तरी तो या नकाशावर नसेल तर गाडीसाठी बंद समजायचा. काही रस्त्यांच्या कडेने बारीक ठिपक्यांची रांग दिसते. तिथे मुक्कामासाठी गाडी रस्ता सोडून ठरावीक अंतरापर्यंत आत नेता येते. अंतर नकाशावरच्या तक्त्यात असतं. ठिपके नसतील तर साधारणपणे गाडी रस्त्यालगत लावून तंबू चालत आत न्यायचा. ऋतूनुसार बंद होणाऱ्या रस्त्यांच्या तारखाही तक्त्यातच असतात, आणि लोक नेमकं तेच वाचत नाहीत.

सेडानसाठी खूण: रस्त्याच्या क्रमांकाची पाटी आडवी असेल तर तो साध्या गाडीसाठी धरलेला रस्ता. अंक उभे, एकाखाली एक लिहिलेले असतील तर उंच गाडीचा रस्ता; तिथे वळू नका.

मुक्कामाची मर्यादा बऱ्याच जंगलांत १४ दिवसांची, पण प्रत्येक जंगलाचा आदेश वेगळा. म्हणून निघायच्या आधी, आठवड्याच्या कामाच्या दिवशी, रेंजर डिस्ट्रिक्टच्या कार्यालयात फोन करा. ‘फुकट जागा कुठे आहेत?’ असं विचारलं तर मोघम उत्तर मिळतं. ‘अमुक क्रमांकाचा रस्ता साध्या गाडीला सुरू आहे का, आगीवर निर्बंध आहेत का, आसपास लाकूडतोड सुरू आहे का?’ असं विचारा, मग समोरचा माणूस खुलतो.

अलेगेनीत आणखी एक भानगड: जमीन सरकारची असली तरी खालच्या तेल-वायूचे हक्क बहुतेक ठिकाणी खाजगी आहेत. छान सपाट, खडी टाकलेली मोकळी जागा दिसली तर ती विहिरीची असू शकते. तिथे तंबू टाकू नका, तिच्याकडे जाणारा रस्ताही अडवू नका. टँकर कधीही येतो.

एडिसनकर

मंडळी, फारच उपयोगी. मग कॅटस्किलच धरतो. दोन शंका. जागा मिळालीच नाही तर ट्रेलहेडच्या, म्हणजे पायवाट सुरू होते तिथल्या, पार्किंगमध्ये गाडीतच झोपलो तर? आणि घरामागे वाळलेली लाकडं पडलीत, ती शेकोटीला नेली तर चालतील ना?

पाऊलवाट

दोन्हीला नाही.

पार्किंग रस्त्याला लागूनच असतं, म्हणजे १५० फुटांच्या आत. गाडीत झोपणं हाही मुक्कामच. तिसरी जागाही भरली तर पैसे भरून मिळणारं कॅम्पग्राउंड किंवा मोटेल आधीच हेरून ठेवा.

लाकडाचं कारण कीड आहे. एमराल्ड ॲश बोररसारखे किडे सरपणातून गाव बदलतात. न्यूयॉर्कमध्ये बाहेरच्या राज्यातलं, उष्णता देऊन प्रक्रिया न केलेलं सरपण आणायला बंदी आहे, आणि राज्यातल्या राज्यातही ते ५० मैलांपलीकडे नेता येत नाही. तिथे पोचल्यावर जमिनीवर पडलेलं, मेलेलं लाकूड वापरा. उभं झाड मेलेलं असलं तरी तोडायचं नाही. शेकोटी आधीच्या दगडी कड्यातच करा. विझवताना पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. राखेला हात लावून गार लागली तरच झोपायला जा. आदल्या दिवशी आगीची स्थिती बघाच. २०२४ च्या नोव्हेंबरात कोरड्या हवेमुळे राज्यभर उघड्यावर आग पेटवायला बंदी घातली होती.

अशाच किड्यांचा दुसरा त्रास डोक्यावर आहे. कॅटस्किलमध्ये ॲश आणि हेमलॉक ही झाडं मोठ्या प्रमाणात मरताहेत. तंबू टाकायच्या आधी वर बघा: साल गळालेलं खोड, अडकलेली सुकी फांदी दिसली तर त्या झाडाच्या उंचीच्या टप्प्याबाहेर सरका. ‘काय, एक फांदी तर आहे’ म्हणणारे खूप असतात. वारा नसतानाही फांदी पडते.

लीन-टू रिकामा सापडला तर वापरा, पण तो एका कुटुंबाचा होत नाही. उशिरा कुणी आलं तर जागा करून द्यायची, आणि आत तंबू उभारायचा नाही.

तिखटमीठ

स्वयंपाक आणि पाण्याकडे येते.

माणशी दिवसाला चार लिटर धरा, पिणं, रांधणं, भांडी सगळं मिळून. तिघांचे दोन दिवसांचे २४ लिटर, वर थोडं जास्त. गाडी जवळ असेल तर घरून भरून नेणंच शहाणपणाचं. ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी त्यात जिआर्डिया हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. खळखळून एक मिनिट उकळा किंवा फिल्टर वापरा. पोकळ धाग्यांचा फिल्टर एकदा ओला झाला आणि रात्री गोठला तर आतले धागे फुटतात, आणि बाहेरून काहीही कळत नाही. ऑक्टोबरात तिथे पहाटे शून्याखाली जाऊ शकतं, तेव्हा फिल्टर रात्री झोपायच्या पिशवीत घ्या.

शेगडीची गडबड इथल्या देशी घरांत नेहमी होते. किराणा दुकानात मिळणारी चपटी शेगडी, जिच्यात आडवी लांबट डबी बसते, ती शुद्ध ब्युटेनवर चालते. ब्युटेन -०.५ अंशाला उकळतो, म्हणजे पहाटेच्या गारठ्यात डबी भरलेली असूनही ज्योत मिणमिणते आणि चहा होत नाही. प्रोपेनची हिरवी एक पौंडी टाकी आणि तिची शेगडी न्या. प्रोपेन -४२ अंशालाही वायूच राहतो. कितीही थंडी वाजली तरी तंबूत किंवा त्याच्या ओसरीत शेगडी पेटवायची नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

अस्वलं इथे काळी, भित्री, पण नाकाची तिखट. फोडणी तंबूपासून शंभर पावलं लांब द्या. मसाल्याचा डबा, लाडू, टूथपेस्ट, मुलीच्या खिशातलं चॉकलेट, कचऱ्याची पिशवी, सगळं अस्वलाला न उघडणाऱ्या कडक डब्यात. तो नसेल तर दोरीने झाडावर, जमिनीपासून १५ फूट वर आणि खोडापासून १० फूट लांब. अशी फांदी अंधारात सापडत नाही, म्हणून दिवसाउजेडी दोर टाकून ठेवा. खरकटं पाणी गाळून ओढ्यापासून लांब पसरून ओता; गाळलेली शितं कचऱ्यात, म्हणजे परत घरी.

शौचासाठी छोटं खुरपं. ओढा, पायवाट, तंबू यांपासून २०० फूट, खड्डा ६ ते ८ इंच खोल. त्याहून खोल नको, वरच्या मातीतच कुजवणारे जीव असतात. पाणी वापरणाऱ्यांनी तांब्या तिथेच न्यायचा, ओढ्यावर जाऊन धुवायचं नाही. कागद वापरला तर पिशवीत बांधून परत आणा, पुरलेला कागद प्राणी उकरतात.

बाभूळबन

सेडानबद्दल राहिलं होतं. आडवे मातीचे बांध दिसले, ज्यांनी पाणी रस्त्याबाहेर वळवलेलं असतं, तर बंपर तिथेच घासतो. पहिला बांध दिसला की थांबा, उतरा, दहा मिनिटं पुढे चालून बघा आणि गाडी वळवायला जागा कुठे आहे ते आधी ठरवा. मागे मागे घेत यायची वेळ आली की गाडी कडेच्या चरात जाते. तंबूजवळ गाडी नेण्याचा हट्ट सोडा, ६० पावलं सामान वाहायला तीन फेऱ्या पुरतात.

१ ऑक्टोबरपासून तिथे धनुष्यबाणाची हरीणशिकार सुरू असते. तिघांनाही भडक नारिंगी टोपी किंवा जाकीट घाला. आणि गोचिडी: थंडी पडली तरी काळ्या पायांच्या पूर्ण वाढलेल्या गोचिडी हिंडत असतात, लाइम रोग त्यांच्यातूनच होतो. पँट मोज्यात खोचा, पर्मेथ्रिन हे कीटकनाशक कपड्यांवर आधीच फवारून वाळवा (अंगावर नाही), आणि रोज झोपताना मुलीचं डोकं, कानामागे, काखा, गुडघ्यामागे तपासा. चिकटलेली सापडली तर टोकदार चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, काडी, रॉकेल काही लावू नका.