परवाना, परवानगी, ना हरकत दाखला, सनद: नदीकाठच्या बोट क्लबच्या नियमावलीत कोणता शब्द कुठे?

पणजीहून प्रश्न:

मांडवीच्या काठी वल्ह्यांच्या होड्यांचा क्लब सुरू करण्याचा आमच्या मंडळाचा विचार असून त्याच्या नियमावलीचा मराठी मसुदा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. इंग्रजी मसुद्यात झोन, परमिट, लायसन्स, एनओसी आणि क्लिअरन्स हे शब्द पानोपानी येतात. मी झोनसाठी कुठे ‘पट्टा’ तर कुठे ‘विभाग’ लिहिले आणि बाकी चारही शब्दांसाठी सरसकट ‘परवानगी’ वापरले. मसुदा वाचून एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, ‘परवानगी मिळाली असे लिहिले आहे, म्हणजे हातात नेमका कोणता कागद आला?’ मला उत्तर देता आले नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

डिचोलीहून उत्तर:

आपल्या ज्येष्ठ सभासदांचा प्रश्न अगदी योग्य आहे. ‘परवानगी’ आणि ‘परवाना’ हे दोन्ही शब्द फारसीतून आले, पण मराठीने त्यांची कामे वेगळी केली. परवानगी ही संमती आहे. ती मागतात, देतात, नाकारतात, आणि ती तोंडीही असू शकते. परवाना हा कागद आहे; तो काढावा लागतो, त्याला मुदत असते, त्याचे नूतनीकरण होते आणि अटी मोडल्यास तो रद्द होतो. म्हणून लायसन्ससाठी ‘परवाना’ हाच शब्द ठेवावा आणि बांधकाम किंवा एखादे विशिष्ट काम करू देण्याच्या संमतीला ‘परवानगी’ म्हणावे.

‘ना हरकत दाखला’ या दोहोंहून वेगळा आहे. ‘हरकत’ या शब्दाचा मूळ अरबी अर्थ हालचाल असा आहे. हिंदीत तो कृती किंवा खोडी या अर्थाने राहिला आणि मराठीत मात्र आक्षेप या अर्थी स्थिरावला. त्यामुळे असा दाखला देणारे खाते ‘आमचा आक्षेप नाही’ एवढेच सांगते, ‘तुम्ही काम सुरू करा’ असे सांगत नाही. हा फरक मसुद्यात पुसला गेला, तर बंदर कप्तान खात्याचा दाखला हाती येताच धक्क्याचे काम सुरू करता येते असा सभासदांचा समज होईल, आणि तो महागात पडेल.

चौथा शब्द आपल्या यादीत नाही, पण गोव्यात त्याच्यावाचून चालणार नाही. तो ‘सनद’. महाराष्ट्रातील वाचकाला या शब्दाने वकिलाची सनद किंवा जुने इनामपत्र आठवेल. आपल्याकडे मात्र 1968 च्या जमीन महसूल संहितेच्या कलम 32 खाली शेतजमिनीचा बिगरशेती वापर करण्यासाठी जे पत्र मिळते, त्याला आजही रोजच्या बोलण्यात सनद म्हणतात. क्लबची जागा शेतजमीन असेल, तर तेथे ‘अकृषिक परवानगी’ असा नवा शब्द घडवण्याचे कारण नाही.

आता झोनविषयी. ‘पट्टा’ टाळावा असे मला आग्रहाने वाटते, कारण भाडेपट्ट्यालाही आपण पट्टाच म्हणतो आणि नदीकाठच्या क्लबला बहुधा दोन्ही गोष्टींशी संबंध येतो. ‘पट्ट्याच्या अटी’ असे लिहिल्यास त्या नियमनाच्या की भाड्याच्या, हे कळणार नाही. ‘विभाग’ गोव्यात त्या मानाने मोकळा आहे, कारण येथे सरकारी कार्यालयांना आपण ‘खाते’ म्हणतो. पण हाच मसुदा मुंबईत वाचला गेला तर तेथे विभाग म्हणजे खाते होईल. दोन्हीकडे चालेल असा शब्द ‘क्षेत्र’ हाच आहे. 1974 च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याखालील आराखड्यांत जमिनीचा जो वापर ठरवलेला असतो, त्यासाठी ‘वापरक्षेत्र’ लिहावे. किनाऱ्याच्या नियमांसाठी ‘किनारा नियमन क्षेत्र’ लिहावे.

येथे ‘सागरी’ हा शब्द मी मुद्दाम गाळला आहे. ‘सागरी नियमन क्षेत्र’ असे वाचले की नदीकाठच्या माणसाला हा नियम मिरामारच्या वाळूपुरता वाटतो. प्रत्यक्षात तो भरतीच्या पाण्यामागोमाग नदीत शिरतो. किनारा नियमन क्षेत्राच्या 2011 च्या अधिसूचनेनुसार समुद्राच्या बाजूने उच्चतम भरतीरेषेपासून 500 मीटर आणि भरतीचा प्रभाव असलेल्या नदीच्या काठाने 100 मीटर किंवा नदीच्या रुंदीइतके, यांपैकी जे कमी असेल तेवढे अंतर या क्षेत्रात येते. 2019 च्या अधिसूचनेने नदीकाठचे ते 100 मीटर 50 वर आणले, मात्र ती सवलत राज्याचा किनारा व्यवस्थापन आराखडा त्या अधिसूचनेप्रमाणे मंजूर झाल्यावरच लागू होते. भरतीचा प्रभाव कोठवर धरायचा, हे वर्षातील सर्वांत कोरड्या काळात पाण्यातील खारेपणा दर हजारी 5 भाग कोठे आहे, यावरून ठरते. खाजन जमिनींना, म्हणजे भरतीचे पाणी बांधांनी अडवून राखलेल्या सखल जमिनींना, 2011 च्या अधिसूचनेत गोव्यासाठी स्वतंत्र संरक्षण आहे. ‘खाजन’ शब्दाचे भाषांतर करू नये.

मडगावहून पुरवणी:

वरील उत्तराशी मी सहमत आहे. दोन गोष्टी जोडतो. पहिली अशी की मसुद्यात ‘बोटांची संख्या’ असे छापलेले मी अन्यत्र पाहिले आहे. ते बोट हाताचे आणि ती बोट पाण्यातली. म्हणून ‘बोटींची संख्या’ किंवा सरळ ‘होड्यांची संख्या’ लिहावे. 1917 चा कायदा जाऊन आलेल्या 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याच्या संदर्भात ‘जलयान’ लिहिणे भाग आहे, परंतु त्यात यंत्राविना चालणाऱ्या जलयानांसाठी वेगळे प्रकरण आहे, म्हणून वल्ह्यांच्या होड्यांचे कलम इंजिनाच्या बोटींच्या कलमात मिसळू नये.

दुसरी गोष्ट क्लिअरन्सविषयी. त्यासाठी ‘मंजुरी’ लिहावे आणि ती कशाला आहे, ते प्रत्येक वेळी नोंदवावे. किनारा नियमन क्षेत्रात ज्या कामाला पाण्याचा काठ खरोखर लागतो, त्याचाच विचार होतो. धक्क्याला आणि होडी पाण्यात उतरवण्याच्या उताराला तो लागतो, उपाहारगृहाला लागत नाही. म्हणून ‘क्लबला मंजुरी मिळाली आहे’ हे वाक्य काढून तेथे ‘धक्का व उतार यांना किनारा नियमन क्षेत्राची मंजुरी, इमारतीसाठी स्वतंत्र बांधकाम परवानगी’ असे लिहावे.