पगार डब्लिनचा दुप्पट, मग शिल्लक ब्रातिस्लाव्हावाल्याएवढीच कशी?

डब्लिनकर_नवा
नमस्कार मंडळी. डब्लिनला येऊन दोन वर्षं झाली. कुठलाही चार्ट उघडला की माणशी जीडीपीत आयर्लंड लक्झेंबर्गच्या शेजारी एकदम टोकाला, जर्मनी कितीतरी खाली, आणि इथे माझ्या हातात येणाऱ्या पगारातला जवळपास अर्धा रेंटमध्ये जातो, तोही फ्लॅट शेअर करून. टीममधला एक जण ब्रातिस्लाव्हाहून काम करतो, त्याचा पगार माझ्या निम्म्याच्या आसपास. परवा बोलता बोलता निघालं की महिन्याला तो माझ्याएवढेच पैसे बाजूला टाकतो, वर त्याला बायको आणि एक मुलगी!! मग श्रीमंत देश, गरीब देश हे ठरवतात तरी कशावरून? कंपनीत ब्रुसेल्सला एक जागा निघतेय, अप्लाय करू की नको हे डोक्यात घोळतंय म्हणून विचारतोय.

आकडेमोड्या
आयर्लंडचा जीडीपी बघून स्वतःच्या खिशाचा अंदाज करू नका, फसाल. २०१५ साली तो २६ टक्क्यांनी वाढल्याचं जाहीर झालं, एका वर्षात! लोकांचे पगार काय २६ टक्के वाढले होते का, छे. मल्टिनॅशनल कंपन्यांनी पेटंट वगैरे मालमत्ता कागदोपत्री आयर्लंडला हलवली, भाड्याने दिलेली विमानंसुद्धा त्या हिशोबात आली. अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमननी ‘लेप्रेकॉन इकॉनॉमिक्स’ (लेप्रेकॉन म्हणजे आयरिश लोककथेतला बुटका जादूगार) म्हणून टर उडवली होती ती यावरच. शेवटी तिथल्या सांख्यिकी खात्यालाच हा फुगवटा काढून सुधारित जीएनआय (देशातल्यांच्या वाट्याला खरोखर येणारं उत्पन्न) नावाचा वेगळा आकडा द्यावा लागला, २०२२ मध्ये तो जीडीपीच्या निम्म्याहून थोडासाच जास्त भरला. लक्झेंबर्गची गंमत वेगळी, तिथे फ्रान्स, बेल्जियम, जर्मनीतून २ लाखांवर लोक कामाला येतात, त्यांनी जे कमावून दिलं ते जीडीपीत धरतात पण भागायची वेळ आली की हे लोक लोकसंख्येत नाहीत.
घरं कशी चालतात ते बघायचं तर युरोस्टॅटचा, म्हणजे युरोपियन युनियनच्या सांख्यिकी खात्याचा, प्रत्यक्ष वैयक्तिक उपभोगाचा (घरं खरोखर किती वापरतात त्याचा) आकडा बघा, देशादेशातल्या किमतींचा फरक काढून टाकलेला. त्यात आयर्लंड युरोपियन युनियनच्या सरासरीच्या आसपास घुटमळतं. तुम्हाला जे जाणवतंय ते बरोबरच आहे.

म्युनिकची_मावशी
जीडीपीचं ठीक आहे हो, पण तुमच्या त्या ब्रातिस्लाव्हावाल्याला एकच विचारा, राहतोस ते घर कोणाचं? माझी पैज, स्वतःचं नाहीतर आईवडिलांचं. स्लोव्हाकियात दहातली नऊ माणसं स्वतःच्या घरात राहतात, रोमानियात तर ९५ टक्क्यांच्या आसपास. १९८९ ला कम्युनिस्ट राजवट गेल्यावर सरकारी फ्लॅट राहणाऱ्यांनाच स्वस्तात विकून टाकले ना. आमच्या जर्मनीत निम्मेसुद्धा नाहीत. २०१३ मध्ये युरोपियन सेंट्रल बँकेने घरोघरच्या संपत्तीचा पहिला सर्व्हे काढला तेव्हा इथे केवढा गदारोळ झाला होता, कारण मधल्या जर्मन घराची निव्वळ संपत्ती निघाली ५१ हजार युरो आणि स्पेनची १ लाख ८२ हजार! तेव्हा युरो संकटात अडकलेल्या देशांना मदत चालू होती, म्हणून ‘आम्ही कर्जं देतोय ती आमच्यापेक्षा श्रीमंतांना की काय’ अशी ओरड. त्यात मेख होती म्हणा, स्पेनचे आकडे घरांचे भाव पुरते पडायच्या आधीचे, पूर्व जर्मनीतल्यांकडे १९९० पर्यंत खाजगी मालमत्ता अशी फारशी नव्हतीच आणि सरकारी पेन्शनचा हक्क संपत्तीत धरत नाहीत. पण भाड्याच्या घरात जन्म गेला की चांगल्या पगाराचंही काही साठत नाही, हे मी १४ वर्षं अनुभवतेय.

खवचट_खानोलकर
मावशी, सगळं मान्य, पण म्हणून रोमानिया म्युनिकपेक्षा सुखी असं कोणी वाचेल बरं का. तिथे ४० टक्क्यांच्या आसपास लोक गर्दीच्या घरात राहतात, म्हणजे माणसांच्या मानाने खोल्या कमी. घर आपलं, पण आत आजीआजोबा, लग्न झालेला मुलगा, सून. तरुण पोरं वेगळी राहूच शकत नाहीत.
आणि गरिबीचा जो टक्का पेपरात येतो तोही नीट समजून घ्या, त्याची रेषा प्रत्येक देशाच्या स्वतःच्या मीडियन (बरोबर मधल्या माणसाच्या) उत्पन्नाच्या ६० टक्क्यांवर असते. म्हणून चेकियात तो १० च्या आसपास आणि लक्झेंबर्गमध्ये १८-१९. चेक माणूस लक्झेंबर्गवाल्यापेक्षा श्रीमंत असा याचा अर्थ नाही, चेकियात लोकांच्या कमाईत आपसात अंतर कमी, एवढंच. शिवाय घरातल्या माणसांचा हिशोब वेगळा असतो, पहिला मोठा माणूस १, पुढचा ०.५ आणि १४ च्या आतलं पोर ०.३. नवराबायको, दोन लहान मुलं आणि हातात ४२०० युरो असतील तर भागायचं २.१ ने, आले २०००. एकटा माणूस २२०० कमावत असेल तर तो कागदावर यांच्यापेक्षा वरचा. यात कोण स्वतःच्या घरात राहतो आणि कोण हजारो युरो भाडं भरतो हे धरतच नाहीत!! मावशींचा मुद्दा नेमका तिथेच निसटतो.

ब्रुसेल्सवाला_बाप
ब्रुसेल्सबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून मी. ग्रॉस बघून हुरळू नका, एकट्या माणसासाठी बेल्जियमचा टॅक्स आणि सोशल सिक्युरिटी मिळून जो कापतात तो श्रीमंत देशांत जवळपास सगळ्यात जास्त, कंपनीच्या खर्चातला निम्म्याहून जास्त भाग तुमच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून तर कंपनीची गाडी, मील व्हाउचर, तेरावा पगार हे सगळं विचारून घ्यायचं, लाजू नका. पण इथली एक गोष्ट मला डब्लिनच्या दुप्पट आकड्यापेक्षा मोलाची वाटते ती म्हणजे इंडेक्स. महागाई वाढली की पगार आपोआप वाढतो, बॉसकडे जायचं कामच नाही. जानेवारी २०२३ ला आमच्या २०० नंबर कमिटीवाल्यांना (इथे प्रत्येक क्षेत्राचे पगाराचे नियम ठरवणारी मालक-कामगारांची कमिटी असते, तिचा नंबर) एका झटक्यात ११ टक्क्यांहून जास्त मिळाले. इटलीत असंच स्काला मोबिले होतं, १९९२ मध्ये मोडीत काढलं, आणि ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या आकड्यांत १९९० ते २०२० मध्ये तिथला सरासरी पगार महागाई वजा करता उलट घटलाय. कारणं बाकीही आहेत, उत्पादकता वगैरे, सगळं खापर त्याच्यावर नको.

डब्लिनकर_नवा
मावशी, पैज जिंकलात. विचारलं त्याला, आजीचा फ्लॅट, भाडं शून्य 😅 पण खानोलकर म्हणतात तसंच निघालं, दोन खोल्यांत पाच माणसं, आणि तो मला म्हणतो तुझी स्वतंत्र खोली आहे, मजा आहे तुझी. ब्रुसेल्सला अप्लाय करतोय. बापसाहेब, तुमचं ते कमिटीचं प्रकरण ऑफर लेटरमध्ये कुठे लिहिलेलं असतं? आणि भाडं पण इंडेक्सप्रमाणे वाढतं असं एक जण म्हणाला, खरंय का?

ब्रुसेल्सवाला_बाप
कॉन्ट्रॅक्टमध्ये कमिटीचा नंबर असतो, नसेल तर एचआरला मेल टाका, सांगतात. भाड्याचं खरंय. वर्षातून एकदा, घरमालक विसरत नाही.