पहाटेच्या आकाशासाठी दुर्बीण सुचवा (नाशिक, बजेट ६ हजार)

इंदिरानगरकर:
नमस्कार मंडळी. सातपूरला पहिली पाळी असते, त्यामुळे चारलाच उठतो. निघायच्या आधी गच्चीवर अर्धा-पाऊण तास मिळतो. दिवाळीनंतर आकाश स्वच्छ झालंय. मृग पश्चिमेकडे कललेला, ईशान्येला सप्तर्षी वर येतात. सहा हजारांच्या आत काय घेऊ?

गंगापूररोड_तारे:
बजेट थोडं वाढवा आणि ८ इंची डॉबसोनियन (साध्या स्टँडवरचा आरशाचा टेलिस्कोप) घ्या. माझ्याकडे आहे. गुरूचे पट्टे, शनीची कडी बघून सोसायटीतली पोरं हलत नाहीत.

पंचवटी७:
टेलिस्कोपच्या नादी लागू नका. खोक्यावर '५२५ पट' छापलेला मी ऑनलाइन मागवला. हात लावला की चंद्र नाचायला लागतो, आणि विक्रेत्याने परत घेतला नाही. भिंग जेवढ्या मिलिमीटरचं, त्याच्या साधारण दुप्पट पटच कामाची. ७० मिमीला १४०, बस्स.

निफाडची_थंडी:
१०×५० ची बायनॉक्युलर, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी बघायची दुर्बीण घ्या. १० म्हणजे पट, ५० म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. कृत्तिका सुरेख दिसतात, मृगाच्या बाणाखालचा तेजोमेघही. २०×५० हातात स्थिर राहत नाही, झूमवाली तर अजिबात नको. शनीची कडी मात्र यात दिसणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

अंजनेरी_भटका:
शहरातल्या गच्चीवरून काय दिसणार? नवे एलईडी दिवे लागल्यापासून आमच्याकडे तर आकाश पांढरट झालंय. त्र्यंबक रोडने अंजनेरीच्या पुढे जा.

पेठरोडवाला:
त्र्यंबक रोडला आता हॉटेलांचेच दिवे. पेठ रोडच जास्त अंधारा.

अंजनेरी_भटका:
तुम्ही अमावास्येला आलायत का कधी अंजनेरीला?

गोदाकाठ:
अहो, त्यांना पाऊण तास आहे आणि नंतर पाळी गाठायचीय! गच्चीवर आरामखुर्ची टाका, कोपर खुर्चीच्या हातांवर टेकवा, थरथर निम्मी होते. थंडीत भिंगावर दव बसतं, ते पुसू नका, आपोआप वाळू द्या. आणि पूर्वेला उजाडायला लागलं की दुर्बीण त्या बाजूला फिरवायचीच नाही. सूर्य चुकून दिसला तरी डोळा जातो.

कॉलेजरोड_आजोबा:
१०×५० च घ्या. माझी कित्येक वर्षं टिकलीय. गुरूचे चार उपग्रह कठड्यावर टेकवून रोज जागा बदलताना बघतो.

गंगापूररोड_तारे:
८ इंचीत त्यांच्या सावल्यासुद्धा गुरूवर पडताना दिसतात. सांगून ठेवलं.

निफाडची_थंडी:
एक राहिलंच. जानेवारीच्या शेवटी पहाटे पाचच्या सुमारास दक्षिणेला ओमेगा सेंटॉरी बघा. तारकागुच्छ आहे, धूसर गोळ्यासारखा दिसतो. नाशिकहून क्षितिजाच्या वर जेमतेम २२ अंश येतो, त्यामुळे दक्षिण बाजू मोकळी हवी. युरोपातल्या बहुतेकांना तो दिसतच नाही, आपल्याला घरबसल्या दिसतो.

इंदिरानगरकर:
सगळ्यांचे आभार. शेवटी ८×४२ घेतली. दुकानात १०×५० गळ्यात घालून पाहिली, पण सौ. ती नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला दिवसभर वागवणार नाही, आणि दोघांसाठी एकच घ्यायची होती. आज कृत्तिका पाहिल्या. साध्या डोळ्यांना सहा दिसायच्या, यात मोजता येईनात. दक्षिणेला आमच्या पाण्याच्या टाकीची आड येतेय, ओमेगासाठी शेजारच्या बिल्डिंगच्या गच्चीची किल्ली मागून ठेवलीय.

कॉलेजरोड_आजोबा:
१०×५० घ्यायला हवी होती.