वार्ताहर लागणार नाही म्हणता, मग यंत्राची चूक छापणार कोण?

चोपड्याचा_वार्ताहर (धागा सुरू करणारे)

सातपुडा_टेक यांचं परवाचं लिखाण वाचलं आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : पाच वर्षांत खान्देशातल्या खेड्यांमधून छापील पेपर, टीव्ही, टायपिंग, तलाठ्याकडच्या चकरा सगळं मागे पडेल. माणूस फोनशी आपल्या बोलीत बोलेल. फोन त्याच्यापुरती बातमी तयार करून ऐकवेल, अर्ज भरेल, पिकावरचा रोग ओळखेल. आणि शेवटी, ‘तालुका वार्ताहर ही जमात इतिहासजमा होईल आणि कुणाला कळणारही नाही.’

कळणार नाही हे खरंच आहे. कळवणाराच राहिला नाही तर कळणार कसं?

फोन बातमी ‘तयार’ करतो म्हणजे काय करतो? कुणीतरी आधी लिहिलेलं घेतो आणि फिरवून सांगतो. ग्रामसभेत कोरम नसताना ठराव मंजूर दाखवला, हे त्याला कुठून कळणार? तिथे कुणीतरी सतरंजीवर बसलेलं लागतं, आणि दुसऱ्या दिवशी सरपंचाचा फोन आल्यावर बातमी मागे न घेणारं लागतं.

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला आलं. आमच्या पेपरच्या संपादनाच्या टेबलावर ते कधी शिरलं ते मला कुणी सांगितलं नाही, माझ्या बातमीवरून समजलं. एका बाळंतिणीच्या मृत्यूची बातमी होती. मी लिहिलं होतं, ‘डॉक्टर हजर नव्हते असा आरोप करत नातेवाइकांनी मृतदेह ताब्यात घेण्यास नकार दिला.’ छापून आलं, ‘घटनेमुळे परिसरात हळहळ व्यक्त होत आहे.’ टेबलावरच्या पोराने बातमी यंत्रातून ‘छोटी’ करून घेतली होती. आरोप गेला, हळहळ राहिली. त्या बाईचा सासरा पेपर घेऊन माझ्या दारात आला. त्याला मी काय सांगायचं?

अमळनेरची_लेक

दादा, त्या बातमीचं वाईट वाटलं. पण दोष टेबलाचाच आहे. छापण्याआधी तुम्हाला एक फोन करायला कुणी अडवलं होतं?

आता माझं ऐका. माझ्या आईला वाचता येत नाही. आयुष्यभर ती कागद घेऊन शेजारच्या गुरुजींकडे जायची, आणि घरातली प्रत्येक गोष्ट गुरुजींमार्फत गल्लीला कळायची. आता ती फोनसमोर कागद धरते आणि काय लिहिलंय ते ऐकते. बँकेचा मेसेज, दवाखान्याची चिठ्ठी, सगळं. माझा चुलतभाऊ जन्मांध आहे. तुमचा पेपर त्याने पहिल्यांदा ‘वाचला’ तो फोनने वाचून दाखवल्यावर. छापील पेपर त्याच्यासाठी कधी निघालाच नव्हता.

बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. सोपानदेवांनी आणि घरच्यांनी ओव्या उतरवून ठेवल्या म्हणून त्या गेल्यानंतर, १९५२ मध्ये, पुस्तक निघालं. ज्यांच्या घरी सोपानदेव नव्हते अशा किती बायांचं बोलणं त्यांच्याबरोबर गेलं? आज प्रत्येकीच्या हातात ते उतरवून घेणारं यंत्र येतंय आणि तुम्ही वार्ताहराच्या नोकरीसाठी रडताय.

आणि पेपरात असतं तरी काय? वाढदिवसाच्या शुभेच्छा. पान उघडलं की पुढाऱ्याचा फोटो आणि खाली चाळीस कार्यकर्त्यांचे पासपोर्ट फोटो.

चोपड्याचा_वार्ताहर

ताई, ‘नोकरी’ म्हणालात म्हणून सांगतो. तालुका वार्ताहराला पगार नसतो. कुणाला महिन्याचं किरकोळ मानधन, कुणाला तेही नाही. घर चालतं ते जाहिरातीच्या कमिशनवर. ते वाढदिवसाचे फोटो माझ्या पोरांची फी आहे. हौसेने छापत नाही कुणी. ज्याच्या विरोधात लिहायचं त्याच्याच दारात दिवाळी अंकाची जाहिरात मागायला उभं राहायचं, हे कसं असतं ते पुण्यात बसून नाही समजायचं.

धुळ्याचा_आप्पा

माले एकच सांगनं शे. पेपरवालास्नी आम्हनी बोलीले कधी जागा दिन्ही? अहिराणी गाना आज यूट्यूबवर लाखो लोके देखतस. पोरेस्नी मोबाईलवर शूटिंग कयं, मोबाईलवरच कापं आनि टाकं. कोणता संपादकले इचारं नही.

मराठीत सांगतो, बाहेरच्यांनाही कळू दे. आधी व्हीसीडीचा जमाना होता. लग्नसराईत सीडीचं दुकान चालायचं, पण काय निघायचं ते दुकानदार ठरवायचा. आता शिरपूर-शिंदखेड्याचं पोरगं स्वतः ठरवतं. २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला, त्यानंतरचा हा सगळा खेळ आहे. माध्यमं बदलली म्हणून आमची बोली जगतेय, हे कुणी नाकारू नये.

धडगावचे_मास्तर

आप्पा, तुमचं अहिराणीपुरतं खरं. पण ‘आपल्या बोलीत फोनशी बोलेल’ हे वाक्य मला खटकलं. कुणाची बोली? गुगलने जून २०२४ मध्ये भाषांतरात एकदम ११० भाषा वाढवल्या. अवधी, मारवाडी, तुळू आल्या. अहिराणी नाही. सरकारच्या भाषिणी या भाषांतर यंत्रणेचा पाया राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांचा. २०११ च्या जनगणनेत भिली गटातल्या भाषा बोलणारे एक कोटीवर आहेत, तरी त्या अनुसूचीत नाहीत. माझ्या वर्गातली पावरी, म्हणजे याच भिली गटातली बोली, बोलणारी पोरं फोनशी मराठीत बोलायला बघतात, फोन त्यांना भलतंच उत्तर देतो आणि पोरं समजतात आपलंच चुकलं. हे मी रोज बघतो. आपली भाषा हीच चूक, असं सहा वर्षांच्या पोराला वाटायला लागलं तर त्याला नवं युग म्हणू नका.

नेटवर्कचं तर बोलायलाच नको. रेशनच्या मशीनला रेंज मिळावी म्हणून दुकानदार मशीन घेऊन टेकडीवर जातो, मागून म्हाताऱ्या चढतात. ज्यांचे हात आयुष्यभर दगडमातीत गेले त्यांचे ठसे घासलेले. मशीन म्हणतं, जुळत नाही. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला आमच्याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभलीत दिलं. पंतप्रधान आले होते. सुरुवात नेहमी आमच्यापासून होते, दुरुस्ती मात्र आमच्यापर्यंत पोहोचत नाही.

सातपुडा_टेक

माझ्या लिखाणावर धागा निघाला म्हणून उत्तर देतो.

मास्तर, नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकसोबत इरादापत्र केलं. त्यात गडचिरोली, वाशीम, धाराशिव यांच्याबरोबर नंदुरबारचं नाव आहे. टॉवरला डोंगर आडवे येतात, वरून येणाऱ्या सिग्नलला मोकळं आकाश पुरतं. टेकडीवर चढण्याचा प्रश्न याच मार्गाने सुटेल, निवेदनं देऊन सुटला नाही.

बोलींचं म्हणाल तर यंत्राला हवा असतो बोललेल्या आवाजाचा साठा आणि त्याचं लिखित रूप. आप्पा म्हणतात ती गाणी, मुलाखती, आकाशवाणी जळगावकडचं जुनं ध्वनिमुद्रण, यातून अहिराणी शिकवता येईल. दहा वर्षांपूर्वी हे आवाक्याबाहेर होतं, आज विद्यापीठातल्या चार पोरांचं काम आहे. रडण्यापेक्षा ते करा.

वार्ताहर साहेब, तुमची तक्रार माणसाच्या आळसाची आहे. यंत्राची नाही.

रावेरचा_केळीवाला

वाद चांगला चाललाय, मधे पडतो. यंत्राची तक्रार हवी ना? घ्या.

माझी मृगबाग, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली केळी. फळपीक विम्याचा हप्ता भरला, ई-पीक पाहणी केली. बांधावर उभं राहून फोटो काढला, ठिकाण आपोआप नोंदलं गेलं. सातबाऱ्यावर केळी लागली. हिवाळ्यात चरका, म्हणजे थंडीचा फटका बसला, पानं पिवळी पडली. आमच्या महसूल मंडळात विम्याचा कमी तापमानाचा निकष पूर्ण झाला, शेजारपाजारच्यांना पैसे आले. माझे आले नाहीत. महिनोन्‌महिने विचारत होतो. शेवटी कळलं, उपग्रहाच्या पडताळणीत माझ्या गटात केळी दिसली नाही.

केळी दिसली नाही! त्याच बागेचा माल गाडीत भरून गेला, बऱ्हाणपूरच्या भावाने विकला, पावत्या आहेत. एक सरकारी यंत्र म्हणतं केळी आहे, दुसरं म्हणतं नाही. तलाठी म्हणतो माझ्या हातात नाही. कृषी खातं म्हणतं कंपनीला विचारा. कंपनीच्या नंबरवर एक बाई नेहमी गोड आवाजात म्हणते, आपली तक्रार नोंदवली आहे. ती बाई खरी आहे की यंत्र, हेसुद्धा मला समजत नाही.

सातपुडा_टेक

भाऊ, नेमकं काय झालं ते कागद न बघता सांगता येणार नाही. पण अशी चूक कशी होते ते सांगतो. सेंटिनेल-२ सारख्या उपग्रहाच्या चित्रात एक ठिपका १० मीटरचा असतो. लागवड नवी असेल तर ओळीतली माती जास्त दिसते, रोप कमी. पावसाळ्यात ढग. बाजूला ऊस असेल तर बांधावरचे ठिपके मिसळतात. म्हणून चित्र कुठल्या तारखेचं वापरलं हे फार महत्त्वाचं. ढगातून बघणारं रडारचं चित्रही असतं.

दुसरी बाजू पण बघा. जिल्ह्यात केळी न लावता विमा काढणारे निघाले म्हणून ही पडताळणी आली. ते कोण होते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

रावेरचा_केळीवाला

म्हणजे चोर मी?

सातपुडा_टेक

तसं म्हणालो नाही.

रावेरचा_केळीवाला

तसंच म्हणालात. चोर दुसरा, झडती माझी, आणि झडती घेणारा आकाशात. खाली येऊन बाग बघ म्हटलं तर कुणी येत नाही. पूर्वी पंचनामा व्हायचा. तलाठी पैसे खायचा, मान्य, पण बांधावर यायचा. त्याच्याशी भांडता यायचं. चार माणसं साक्षीला उभी करता यायची. आता भांडायचं कुणाशी?

बोदवडची_पऱ्हाटी

कापसाचंही तेच चाललंय. हमीभावाने विकायचा तर ॲपवर नोंदणी, ओटीपी, फोटो. माझा नंबर सासऱ्यांच्या आधारला, सातबारा दिराच्या नावे. नोंदणी अडकली आणि कापूस घरात. शेवटी खेडा खरेदीवाल्याला देऊन टाकला, तो म्हणेल त्या भावाने. गावातल्या निम्म्या बायांचं हेच झालं असेल, कारण शेत आम्ही बघतो आणि नाव पुरुषाचं.

अमळनेरची_लेक

हा धागा बातमीबद्दल होता, विम्यावर गेला. पण केळीवाल्या भाऊंचं वाचल्यावर मला पहिल्यासारखं ठामपणे बोलता येत नाही, एवढं म्हणते. यंत्र माझ्या आईला वाचून दाखवतं तेव्हा ते तिच्या हातात असतं. चुकलं तर ती पुन्हा विचारते. भाऊंच्या बाबतीत यंत्र दुसऱ्याच्या हातात आहे. हा फरक मोठा आहे.

तरी पंचनाम्याच्या आठवणी काढू नका. तलाठ्याशी भांडता यायचं ते पुरुषांना आणि मोठ्या खातेदारांना. माझी आई कुणाशी भांडली असती?

धडगावचे_मास्तर

आमच्याकडे कुणीच भांडू शकत नव्हतं. वनपट्ट्याच्या, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवरच्या हक्काच्या दाव्यात जीपीएस मोजणी आल्यावर काही जणांच्या जमिनीचा आकडा तरी कागदावर आला, हे मला मान्य करावंच लागतं. वन खात्याच्या माणसाच्या तोंडी अंदाजापेक्षा ते बरं. पण मोजणी झाली तेव्हा शेतकरी यंत्रामागे चालत होता, पावला-पावलाला बघत होता. उपग्रहाच्या मागे कोण चालणार?

चोपड्याचा_वार्ताहर

आता मी बोलतो. ताई, तुमच्या आईच्या हातातलं यंत्र कुणी काढून घेऊ नये. त्यावर माझा वाद नव्हता आणि नाही.

पण केळीवाल्या भाऊंची ही गोष्ट आत्तापर्यंत कुठल्या फोनने ‘तयार’ केली का? करणार नाही, कारण ती कुठे लिहिलेलीच नाही. विम्याची आकडेवारी मागितली तर मंजूर दावे सांगतील. नामंजूर झालेला शेतकरी आणि त्याच्या पावत्या समोरासमोर ठेवणारा माणूस लागेल. यंत्रं जितकी वाढतील तितका तो जास्त लागेल. माझा मुद्दा पहिल्यापासून हाच आहे.

भाऊ, मला मेसेज करा. सातबारा, पीक पाहणीचा उतारा, विमा पावती, विक्रीच्या पावत्या. तुमच्या मंडळातले असे आणखी कोण आहेत तेही विचारा. एकटा असला तर ते एकाचं रडगाणं ठरवतात, दहा गट नंबर एकत्र आले तर जिल्हाधिकाऱ्यांना उत्तर द्यावं लागतं. तुमचा तालुका माझा नाही, तिथल्या वार्ताहराला सोबत घेतो.

सातपुडा_टेक

विम्याच्या योजनेत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली तक्रार निवारण समिती असते, तिकडे लेखी द्या. आणि माहिती अधिकारात चित्राची तारीख, वापरलेला उपग्रह आणि तुमच्या गटाचा नकाशा मागा. तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहा, नाहीतर एकाचं उत्तर देऊन बाकी टाळतील. नकाशा मिळाला तर मी स्वतः त्याच तारखांची चित्रं उतरवून तपासून देईन, सेंटिनेलची चित्रं सगळ्यांना फुकट मिळतात. शेतकऱ्याला उपग्रह उलटा वापरता येतो, हेही लिहा बातमीत.

वार्ताहरांबद्दलचं माझं वाक्य मी आज मागे घेत नाही. बातमी छापून येऊ द्या, मग बघू.

रावेरचा_केळीवाला

बघा नक्की.

कागद पाठवतो. आमच्या मंडळात मला माहीत असलेले आणखी काही जण आहेत, त्यांनाही विचारतो. दोघं तर भीतीने गप्प आहेत, पुढच्या वर्षी विमा नाकारतील म्हणून. त्यांची नावं छापायची नाहीत, गट नंबरही नाही.

अमळनेरच्या ताई, माहिती अधिकाराचा अर्ज तुम्ही बघून द्या. तुमच्या फोनकडून लिहून घेतला तरी चालेल, पण पाठवण्याआधी तुम्ही स्वतः वाचा. सोमवारी टाकतो. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर अपीलही तुम्हीच बघायचं.